निलगिरीच्या शेंड्याला एरियल

रविवार, ९ मार्च

आजही तेच. सकाळी सातला सेट लावला, दादा आला, आणि रांजणात तोंड घालून बोलावे तसा काहीतरी बोलत राहिला. अर्धा तास मी डायल फिरवत बसलो. आवाज आहे, शब्द नाहीत. शेवटी "बरं बरं, पुढच्या रविवारी बोलू" म्हणून बंद केला आणि चहाचा कप इतक्या जोरात आपटला की बशीचा टवका उडाला.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. समुद्रापलीकडे मुलाकडे राहतो. आम्ही दोघेही तार कचेरीतले, दोघांनीही घरच्या रेडिओचा परवाना काढलेला, आणि तो तिकडे गेल्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही सेटवर भेटतो. फोन मी वापरत नाही. फोनवर हल्ली सगळे पुटपुटतात.

हे सगळे बिघडले ते शेजारी ती इमारत उभी राहिल्यापासून. आमच्या गच्चीवरची एरियल (हल्लीची पोरे अँटेना म्हणतात) तिच्या पोटाशी आली. त्यात तिची लिफ्ट. लिफ्टच्या मोटरची खरखर सगळी माझ्या सेटमध्ये. ही म्हणते, "मला तर कसलीच खरखर येत नाही." हिला कशी येणार? बायकोला आणि लिफ्टला मी काही दोष देत नाही, पण जिला रेडिओतले ओ की ठो कळत नाही तिने मत तरी देऊ नये.

वरच्या मजल्यावरची हेडबाई खाली आली होती. शाळा सुटून दहा वर्षे झाली तरी हेडमास्तरीण ती हेडमास्तरीणच. म्हणे, रेडिओ फार मोठ्याने लावता, अख्खा जिना दणाणतो. बटण शेवटपर्यंत पिळूनही ज्याच्यातून मला एक शब्द ऐकू येत नाही त्या सेटचा हिला त्रास! दार लावून घेतले.

सोमवार, १० मार्च

पुतण्याचा फोन आला. हिने घेतला. दादाच्या काळजाची झडप बदलायची आहे, सात एप्रिलला. वय पाहता डॉक्टर हमी देत नाहीत.

हे मला पुतण्याकडून, तेही हिच्या तोंडून कळावे? मी म्हटले, दादाने काल मला एक अक्षर सांगितले नाही. तर ही म्हणाली, "पुतण्या म्हणतो, बाबांनी काल काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, बरं बरं, पुढच्या रविवारी बोलू."

असा काही राग आला! सांगितले असेल त्याने, पण पोचले कुठे? त्या इमारतीच्या भिंतीत चिणले गेले असेल. माणूस आपल्या भावाला सांगतो की माझी छाती फाडणार आहेत, आणि भाऊ म्हणतो बरं बरं. दादाला काय वाटले असेल?

हिने फोन माझ्या कानाला लावला. आत कोणीतरी कागद चुरगाळत होते. परत दिला.

सात तारखेच्या आत दादाचा आवाज मला स्वच्छ ऐकायचा आहे. नंतरचे कोणी पाहिले आहे? ठरले. मागच्या अंगणातली निलगिरी त्या इमारतीच्याही वर गेली आहे. एरियल तिच्या शेंड्याला जाईल.

गुरुवार, १३ मार्च

झाडावर न चढता एरियल चढवायची रीत अशी: गळाच्या बारीक दोरीला शिशाचा गोळा बांधायचा आणि गलोलीने उंच फांदीवरून पलीकडे मारायचा. बारीक दोरी पलीकडे उतरली की तिच्यामागून सुतळी ओढायची, सुतळीमागून दोर, आणि दोरामागून एरियल. कोणी पडायला नको, कोणाचे हातपाय मोडायला नकोत.

सकाळपासून दुपारपर्यंत गोळे मारले. दोन वर अडकले. एक माझ्याच खांद्यावर आला. शेवटचा चांगला उंच गेला, फांदी ओलांडून. मी खुशीत दोरी ओढतो आहे, तो हेडबाई खिडकीत. तोंड हलते आहे, एका हातात माझा गोळा, दुसरा हात माझ्याकडे रोखलेला. म्हणे काच फोडली.

मी म्हटले, "बाई, मी इथं खाली उभा आहे. काच फुटली असती तर मला आवाज आला नसता का?"

तिने काचेचे तुकडे सुपलीत घालून दाखवले. आधीचीच तडकलेली असणार. ही झाडू घेऊन वर गेली ती तासभर खाली आली नाही. मी पाहायला गेलो तर जिन्यात दोघींची कुजबूज चालली होती. मला पाहताच गप्प. दोघी मिळून माझ्याविरुद्ध आहेत हे मला कळत नाही असे समजतात.

रविवार, १६ मार्च

दादा आला आणि पुन्हा तीच गत. आज मात्र मी त्याला बोलू दिले नाही, मीच बोललो. म्हटले, झडप म्हणजे काय, नळाचा वायसर बदलतात तशी बदलतात, घाबरायचे काम नाही, आणि मी लवकरच नवी एरियल चढवतो आहे, मग नीट बोलू. त्याने काहीतरी विचारले. मी निलगिरीची उंची सांगितली.  दादा हल्ली मधेच शांत होतो.

दुपारी मेहुणा आला. हिने बोलावलेला. हा हिचा धाकटा भाऊ, अग्निशमन दलात. आगीवर पाणी मारतो तसा दुसऱ्याच्या उत्साहावरही मारतो. झाडाभोवती दोन चकरा घातल्या, लाकडी हातोड्याने खोड ठोकून पाहिले, मान वर करून फांद्या पाहिल्या आणि व्याख्यान सुरू.

"भाऊजी, ही वाळकी फांदी आधी उतरवायची. निलगिरी सांगून फांदी टाकत नाही. वारा असला तर काम बंद. रस्त्याकडच्या बाजूला वायर न्यायचीच नाही, तिकडून विजेच्या तारा गेल्यात. वायर तुटली तरी तिथवर पोचता कामा नये."

"हे मला माहीत आहे. मी तारमास्तर होतो."

"तुम्ही टेबलावर होता. खांबावर दुसरे चढायचे."

उद्धट. पण चढणारा तोच आहे म्हणून गिळले. मीच चढणार होतो, पण शब्द काढताच ही अशी काही ओरडली की तेवढे मात्र स्पष्ट ऐकू आले.

बोलणी अशी ठरली: मेहुणा कमरपट्टा आणि दोन दोर घेऊन चढेल, एक सुटला तरी दुसरा बांधलेला राहील. वर दोन फांद्यांच्या दुबेळक्यात कप्पी बसवील. मी खालून दोर ओढीन. झाडाखाली कोणी उभे राहायचे नाही. वर वाऱ्यात बोलणे कळत नाही, म्हणून खुणा शिट्टीच्या. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ. हे त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. ज्याने आयुष्यभर तारेचे कडकट्ट ऐकून दुसऱ्यांचे जन्म-मृत्यू उतरवून घेतले त्याला हा शिट्ट्या शिकवतो!

एका गोष्टीत मात्र मी त्याला गप्प केले. तो म्हणाला, दुसरे टोक गच्चीच्या कठड्याला घट्ट बांधू. म्हटले, घट्ट बांधशील तर पहिल्याच वाऱ्याला वायर तुटेल. झाड डोलते, कठडा डोलत नाही. त्या टोकाला कप्पीवरून वाळूची बादली लोंबती ठेवायची. झाड ओढील तेव्हा बादली वर जाईल, झाड सैल सोडील तेव्हा खाली येईल. काही वेळ मान हलवत राहिला. हिच्याकडे पाहून काहीतरी म्हणाला आणि दोघे हसली.

मंगळवार, २५ मार्च

आठवडाभर वारा. मेहुणा रोज सकाळी फोनवर हिला विचारतो, पाने हलतात का. झाडाची पाने हलायची नाहीत तर काय करायची? परवाचा रविवारही फुकट गेला.

कुकरमध्ये बटाटे लावून ही बाजारात गेली होती. म्हणाली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. शिट्टी झालीच नाही. ही आली तेव्हा घरभर धूर. नवा कुकर, आणि त्याची शिट्टी बिघडलेली! मी म्हटले परत कर. ही नुसती खिडक्या उघडत सुटली.

शनिवार, २९ मार्च

आज जे झाले ते जसे झाले तसे लिहितो, कारण उद्या सगळे मिळून वेगळेच सांगतील.

वारा पडला होता. मेहुणा सकाळी आला. माझ्या डोक्यावर त्याचे बंबवाल्याचे लाल टोपडे चढवले, हिलाही घातले. खडूने जमिनीवर गोल काढला आणि म्हणाला, ह्याच्या आत कोणी यायचे नाही. मग चढला. चढतो मात्र सफाईने, ते मान्य. एक दोर सोडायचा, वर अडकवायचा, मग दुसरा सोडायचा. वाळकी फांदी करवतीने कापून दोराने अलगद उतरवली. दुबेळक्यात पट्टा घातला, पट्ट्याखाली पोते, म्हणजे साल सोलायला नको. कप्पी बसली. दोर ओवला.

मी खालून ओढायला लागलो. पन्नास फूट वायर माझ्यासमोर वर निघालेली, इतक्या दिवसांनी काहीतरी मनासारखे होते आहे. मेहुण्याने शिट्टी तोंडाला लावलेली मी स्वतः पाहिली. आता ओढायचीच वेळ होती, म्हणजे तीनच असणार. ओढला. दोर जरा जड झाला. वर पाहिले तर तो एक हात हलवत होता. मला वाटले, जोरात म्हणतोय. जोर लावला. गच्चीवर हेडबाई दोन्ही हात वर करून नाचत होती. तिचे रोजचेच.

तेवढ्यात ही त्या खडूच्या गोलातून धावत आली आणि माझ्या हातांवर अक्षरशः चापट्या मारून दोर हिसकावला. चारचौघांत! लग्नाला इतकी वर्षे झाली, हिने माझ्यावर हात उगारला नव्हता. मी खेकसलो. हिचे तोंड पांढरेफटक. वर बोट दाखवत होती.

दोर कप्पीच्या चाकावरून घसरला होता. तो जागेवर बसवायला मेहुण्याने बोटे घातली, आणि मी ओढत राहिलो. दोन बोटे चिरडली. पट्ट्यात लोंबकळत राहिला म्हणून पडला नाही. एका हाताने खाली यायला त्याला फार वेळ लागला. खाली आला तेव्हा ओठ चावून रक्त काढले होते.

दवाखान्यात त्याने मला एवढेच विचारले, "भाऊजी, मी एक शिट्टी दिली. परत परत दिली. ओढत का राहिलात?"

मी म्हटले, "एक शिट्टी वाजलीच नाही."

"पाच-सहा वेळा वाजवली. ताईला ऐकू आली. वरच्या बाईंना ऐकू आली."

"मग तुझी शिट्टी फुटकी असेल."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने पाहिले असते तर मलाही त्याच्यावर खेकसता आले असते. तसा पाहत नव्हता, तेच मला जास्त लागले.

रविवार, ३० मार्च

सेट लावला नाही. दादाला काय सांगू? हेडबाई जिन्यात भेटली, तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटले, "शिट्टी वाजली नाही." ती वर निघून गेली.

मंगळवार, १ एप्रिल

ही बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बस्स.

दुपारी सेट उघडून बसलो होतो. सगळे दिवे, सगळी जोडणी तपासली, कुठे काही दोष नाही. सहज वळलो तर ही पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभी. कधीपासून, देव जाणे. दचकलो. हातात मेहुण्याची शिट्टी, आणि पदराने ओठ पुसत होती. म्हटले, "आता या वयात शिट्ट्या मारायला शिकतेस होय?" जरा थट्टा केली, बोलेल म्हणून. तर डोळ्यांत पाणी. शिट्टी टेबलावर ठेवली आणि आत गेली.

थट्टा कळायला माणसाला थोडे डोके लागते. पण संध्याकाळभर मला चैन पडले नाही. त्या शिट्टीकडे पाहिले की आणखी राग येतो, कोणावर ते कळत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

मेहुणा आला! हाताला हे एवढे बँडेज. मला वाटले भांडायला आला. म्हणाला, "अर्धवट टांगलेली वायर झाडावर ठेवायची नाही. आणि परवा दादांचं ऑपरेशन आहे. चला." त्याच्या तुकडीतल्या एका उंच माणसाला घेऊन आला होता, सगळे त्याला लंबू म्हणतात. लंबू वर गेला, दोर चाकावर बसवला.

आज शिट्टी नव्हती. मेहुणा माझ्यासमोर तीन पावलांवर लाल फडके घेऊन उभा. फडके वर म्हणजे थांब, खाली म्हणजे ओढ. मी म्हटले, "काय, शिट्टीवरचा भरवसा उडाला वाटतं?" म्हणाला, "हो." पुढे काही नाही. मी दोर ओढत असताना त्याने क्षणभरही नजर माझ्यावरून काढली नाही. कैद्याकडे पाहावे तसे.

पण चढली! निलगिरीच्या शेंड्यापासून आमच्या गच्चीपर्यंत, रस्त्याच्या उलट्या बाजूने, विजेच्या तारांपासून लांब. गच्चीच्या टोकाला वाळूची बादली अशी हळूहळू वर-खाली होत होती की पाहत राहावे. वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून तांब्याची पट्टीही पुरली. इतके देखणे काम मी जन्मात केलेले नाही.

सेट लावला. बटण पिळले. खरखर. जे स्टेशन लागेल तिथे तोच रांजण, तोच कागदाचा चुरगाळा. शब्द नाही.

मी टेबलावर मूठ आपटली. सेटला शिव्या दिल्या, लिफ्टला दिल्या, निलगिरीला दिल्या. सेटवरचा सिग्नलचा काटा चांगला उड्या मारत होता, पण काटा काय, लिफ्टच्या खरखरीनेही उडेल. लंबू दारात उभा होता. दोन्ही कानांवर हात ठेवून मेहुण्याला काहीतरी म्हणाला. मेहुण्याने त्याला कोपराने ढोसले. ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." हे बरे ऐकू आले मला!

म्हटले, लिफ्ट बंद करवतो. उद्या सकाळी अर्धा तास. मग पाहू कोणाचे अंगण वाकडे आहे. स्वतः जाऊन त्या इमारतीच्या पहारेकऱ्याशी भांडलो. तो ऐकेना. शेवटी हेडबाई खाली उतरली. तिथली निम्मी बिऱ्हाडे तिच्या हाताखालून शिकून गेलेली. पहारेकरी मुकाट्याने हो म्हणाला.

रविवार, ६ एप्रिल

सातला लिफ्ट बंद झाली. मी स्वतः खिडकीतून पाहिले, पहारेकऱ्याने हात केला.

सेट लावला. काटा शून्यावर. हलत नाही. म्हणजे खरखर गेली, हवा स्वच्छ. मी हाक घातली, "दादा, आहेस का?" आणि बोलायचे बटण सोडले; ते सोडले की मगच पलीकडचे येते.

काटा उठला. सरळ वर, शेवटच्या आकड्यापलीकडे, जिथे तो कधी गेला नव्हता तिथे. थांबला, पडला, पुन्हा उठला. दोन लहान उड्या, एक मोठी, मग थांबा. दादा असाच बोलतो. आधी दोनदा "हां हां", मग वाक्य, मग श्वास. मी त्याचे बोलणे डोळ्यांनी पाहत होतो. असा दणदणीत सिग्नल मला उभ्या आयुष्यात कोणाचा आला नव्हता. आणि कानात रांजण.

काटा खोटे बोलत नाही. एरियल ठीक होती. सेट ठीक होता. लिफ्ट बंद होती. आता दोष द्यायला खोलीत मी सोडून काही उरले नव्हते.

मला एवढा संताप आयुष्यात आला नसेल. ती शिट्टी, ते बटाटे, ती काच. मेहुण्याची बोटे! स्पीकर उचलून भिंतीवर फेकणार होतो. हिने हात धरला.

मी ओरडलो, "तुला माहीत होतं?"

हिने माझ्या कानाशी तोंड आणून, शब्द सुटा करून सांगितले, "सांगितलं. चारदा सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

काटा हलतच होता. दादा बोलत होता, उद्या त्याला टेबलावर घेणार आणि मी इथे ठोंब्यासारखा बसलेलो. म्हटले, बंद कर, माझ्याच्याने पाहवत नाही. तर हिने सेटकडे हात नेला नाही. माझे मनगट उलटे करून मांडीवर घेतले आणि त्यावर बोटाने मारायला सुरुवात केली. एक लांब, एक आखूड. आखूड, लांब.

मी बघत राहिलो. कडकट्ट. ही कडकट्ट मारत होती.

लग्नाआधी ही आमच्याच कचेरीत खिडकीवर होती, तारेचे फॉर्म घ्यायची. पण तार मारायची कळ हिच्या हातात कोणी कधी दिली नव्हती. म्हटले, "तुला हे कधी यायला लागलं?" कानात ओरडली, "इतकी वर्षं तुम्ही घरात बडवताय, मी काय कानात बोळे घालून बसले होते?" आणि पुन्हा मनगटावर मारू लागली.

हात वाईट आहे हिचा. अंतर पाळत नाही, दोन अक्षरे एकात घुसवते. आमच्या रोमन कडकट्टात ल आणि फ एकमेकांचे उलटे, ते सारखे चुकवते. 'कळलं'चे 'कळफं'. मी दोनदा खेकसलो, "नीट मार!" तिने माझ्या मनगटावर चिमटा काढला आणि पुढे चालू.

दादा सांगत होता: उद्या सकाळी आठला. सून चांगली आहे. जेवण अळणी. नवी एरियल झकास, तुझा आवाज बाजूच्या खोलीतून आल्यासारखा. त्या मेहुण्याला माझा नमस्कार सांग.

मग तिचे बोट थांबले. काटा तर उड्या मारतच होता.

"पुढे?" म्हटले.

मान हलवली. काही नाही म्हणे.

"काटा हलतोय. काही नाही कसं? मार!"

हिने डोळे पुसले आणि मारले. फार हळू, एकेक अक्षर वेगळे. या वेळी एकही चुकले नाही.

तुला ऐकू येत नाही, हे मला वर्षभर माहीत आहे. मी विचारतो झोप लागते का, तू लिफ्टचं सांगतोस.

माझे तोंड भाजल्यासारखे झाले. बटण दाबले आणि ओरडलो, "मग सांगायचं नाहीस? वर्षभर दर रविवारी उठून कोणाशी बोलत बसलास? भिंतीशी?"

बटण सोडले. काटा थोडा वेळ पडून राहिला. मग उठला, एकदाच, आणि हिचे बोट चालू झाले.

तू बोलायचास ना. मला ऐकू येत होतं.

मग मी जे बोललो ते सगळे आठवत नाही. त्याला शिव्या दिल्या. त्याच्या डॉक्टरला, पुतण्याला, अळणी जेवणाला दिल्या. झडप नीट बसवून घे म्हटले, उगाच हुशारी करून नर्सांना शिकवू नकोस, पथ्य मोडलेस तर याद राख. लहानपणी मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलेस त्याबद्दल अजून तुला बोललेलो नाही, तेही बोललो. पुढच्या रविवारी सेटवर आला नाहीस तर तुझे नाव टाकीन, म्हटले.  ही काही मारत नव्हती, नुसती मनगट धरून बसली होती. श्वास घ्यायला मी मधेमधे बटण सोडायचो तेव्हा काट्याकडे पाहायचो. काटा शून्यावर, जरासुद्धा हलत नव्हता. म्हणजे दादा मधे एक शब्द बोलत नव्हता. ऐकत होता.